कुणाकडेच न जेवणारा माणूस

जव्हारच्या बाजारातल्या जुन्या लोकांना एक गोष्ट अजून ठाऊक आहे, आणि ती खोटी आहे. ती खोटी आहे हे जाणणारे आम्ही दोघं होतो. त्यातले एक गेले, उरलो मी. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तिच्या लेखी माझी जव्हारची वर्षं म्हणजे धुकं, न वाळणारे कपडे आणि हाताने केलेला स्वयंपाक. ते खरंच आहे. पण तो स्वयंपाक खायला रोज आणखी एक माणूस असायचा, हे मी तिला कधी नीट सांगितलं नाही. तेवढं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

त्यांना सगळे चाचा म्हणत. मी नाव लिहीत नाही. त्या नावाला माझ्यामुळे जे लागायचं ते लागून गेलं आहे.

पेठेतला रस्ता डेपोकडे वळतो तिथे त्यांचं घर होतं. पुढे बंद दुकान, मागे त्यांची खोली, वर माझी. दुकानाच्या फळ्या निघालेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. पूर्वी तिथे हिरडा, डिंक, मध असा जंगलचा माल असे. मग लोक त्यांच्याकडे भांडणं घेऊन यायला लागले, तेव्हा चाचांनी धंदा बंद केला. कारण विचारलं तर म्हणायचे, "ज्याच्या हातात तराजू, त्याने दुसऱ्याचं वजन खोटं म्हणू नये. लोक हसतात." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी भिवंडीला दिलेली. माझं भाडं आणि मुलीने पाठवलेलं काहीबाही, यावर त्यांचं भागायचं. निवाड्याचे ते काही घेत नसत.

बाजाराच्या दिवशी बंद फळ्यांसमोर बाक टाकायचा, की झाली कचेरी सुरू. नागली, वरई, भात, खुरासणी, मोहाची फुलं, कशावरूनही भांडण यायचं. भाव ठरला तेव्हा दाखवलेली वानगी, म्हणजे मूठभर नमुना, एक आणि आलेला माल दुसराच. वजनात कसर. पोत्याच्या तळाशी माती. व्यापाऱ्याचं व्यापाऱ्याशी भांडण असे, व्यापाऱ्याचं पाड्यावरच्या माणसाशी असे. गावात कोर्ट नव्हतं असं नाही. पण कोर्टात पुढची तारीख मिळते, आणि पाड्यावरच्या माणसाला पुढची तारीख म्हणजे आणखी एक बुडालेला दिवस, आणखी एकदा गाडीभाडं, आणि तोवर मालाला कीड. चाचांकडे पुढची तारीख हा प्रकारच नव्हता. माणूस समोर येऊन उभा राहिला की ते भांडण विचारत नसत. विचारत, "तुझी गाडी कितीची?"

"चाचा, यानं माझ्या वरईला..."

"वरई ऐकतो. गाडी कितीची?"

ज्याची एसटी आधी, त्याचं भांडण आधी. आणि गाडी सुटायच्या आत निकाल. जीपवाले शेवटी. एकदा नाशिककडचा एक व्यापारी वैतागला, "आमच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?" चाचा म्हणाले, "आहे ना. म्हणून तर तुम्ही जीप घेतली." आणि खोडाळ्याच्या दोघांना पुढे बोलावलं.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. आपली बाजू आपण सांगायची नाही. समोरच्याची सांगायची. समोरचा "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणेपर्यंत सांगत राहायचं. साखरशेतची एक म्हातारी नागली घेऊन आली होती आणि दुकानदार माल नीट नाही म्हणून अडून बसला होता. चाचांनी म्हातारीला म्हटलं, "याचं सांग."

म्हातारीने पदर खोचला. "हा सांगतो का म्हातारीचे नागलीत माती आहा. दर साली आणते माती. म्हणून मी मापात हात मारतो."

"मी हात मारतो असं कधी म्हटलं?" दुकानदार उसळला.

"तुझीच बाजू सांगते आहे ती," चाचा म्हणाले. "बरोबर सांगते का, एवढंच बोल."

बाकाभोवती जमलेले हसले. दुकानदारही शेवटी हसला. मग म्हातारी हळूच म्हणाली, "माती थोडी आहा पण. खळा सारवला नव्हता." तिथेच संपलं. गाडीला अजून अवकाश होता म्हणून म्हातारीने जाता जाता चाचांना दोन शब्द सुनावलेही, की तुझ्या दाढीला कुणी कात्री लावत नाही का रे.

बसल्या जागी चहा आणू देत नसत. चहा आला की खरं पातळ होतं, म्हणायचे. निकालावर कुणी कुरकुर केली तर सांगायचे, "पुढच्या बाजारी ये, पोटभर शिव्या दे. ऐकून घेईन. निकाल तोच."

हे सगळं लोकांना गमतीचं वाटे आणि पटेही. पण या कामाची जी किंमत ते भरत होते ती मला वर राहायला आल्यावर हळूहळू कळली. ते गावात कुणाकडेच जेवत नसत. जेवण सोडा, पाणीही पीत नसत. ज्याच्या घरचं खाल्लं त्याचं भांडण उद्या आपल्यापुढे आलं तर काय, आणि या गावात प्रत्येकाच्या घरी काही ना काही विकायला नाहीतर विकत घ्यायला होतंच. सख्खा भाऊ चार घरं सोडून राहायचा. पण त्याचा भाताचा व्यापार. ईदला भावाच्या घरून झाकलेला वाडगा यायचा. चाचा दारात येऊन दोन्ही हातांनी घ्यायचे, डोक्याला लावायचे आणि झाकण न काढता परत द्यायचे. म्हणायचे, "पोचला म्हणून सांग." आणणाऱ्या पोरींनाही त्याची इतकी सवय होती की त्या उंबऱ्यातच थांबायच्या.

लग्नाला जात नसत. मयतीला मात्र पहिले. हिंदू असो की मुसलमान, खांदा द्यायला चाचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मेलेल्याचं भांडण माझ्याकडे येत नाही." तिथूनही परस्पर घरी. बाजारात चालताना रस्त्याच्या मधोमध चालायचे, भर पावसातही. कुठल्याही दुकानाच्या पडवीखाली उभे दिसायला नकोत म्हणून. जीपवाले मागून हॉर्न वाजवून वाजवून थकायचे.

मी देशावरचा. सरकारी कचेरीत कारकून म्हणून बदलीवर आलो होतो. बायको-मुलं शाळेसाठी गावी ठेवलेली. राहायला गेल्यावर पहिला महिनाभर चाचा माझ्याशी जिन्यावर "सलाम" यापलीकडे बोलले नाहीत. मग एके दिवशी संध्याकाळी वर आले, दारातच उभे राहिले आणि चौकशीला लागले. शेती आहे का, कुठे, माल कुठे विकता. इकडच्या कुणाला उसने दिलेत का, कुणाचे घेतलेत का. सासरची माणसं काय करतात. साडू काय करतो. एवढी विचारपूस माझं लग्न ठरवताना झाली नव्हती.

"म्हणजे या बाजारात तुमचं काही नाही," शेवटी म्हणाले.

"काही नाही."

"कशातच नाही?"

"नाही हो चाचा."

ते खाली गेले आणि आपली थाळी घेऊन वर आले. थाळीत नागलीच्या दोन भाकरी आणि सुकट होती. माझ्याकडे पिठलं होतं. ते थाळी टेकवून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "वाढा."

त्या दिवसापासून आम्ही रोज एकत्र जेवलो. कित्येक वर्षांनी हा माणूस दुसऱ्यासमोर बसून जेवत होता आणि त्याला ते नीट जमत नव्हतं. मध्येच थांबून माझ्याकडे बघायचे, मी जेवतोय ना याची खात्री करून घ्यायचे, मग पुढचा घास. मला ते नावाने हाक मारत नसत. "काय वरचे, आज डाळीत मीठ घालायला कुणाला सांगितलं नव्हतं का?" मी वरचे. जेवताना ते बाजाराबद्दल एक अक्षर बोलत नसत. माझ्या कचेरीतल्या लफड्यांत मात्र त्यांना फार रस. साहेबाने आज कुणाला झापलं, बदलीचं कुणाचं लागलं. ऐकून म्हणायचे, "तुमच्यापेक्षा आमचे चोर बरे. गाडीच्या वेळेला तरी जातात."

आता माझं.

वडील गेले, जमिनीची वाटणी झाली, थोडा पैसा हातात आला. पेठेत एक खुरासणीचा व्यापारी होता. खुरासणी म्हणजे इकडचं तेलाचं काळं बी. आदिवासी पाड्यांवरून गोळा करून तो पुढे तेलवाल्यांना पाठवायचा. त्याची न् माझी कचेरीच्या कामामुळे ओळख. तो म्हणाला, "पैसा नुसता बँकेत ठेवून काय त्याचं लोणचं घालणार? हंगामापुरता लावा माझ्यात. नाव कुठे येणार नाही." सरकारी नोकराने व्यापार करायचा नसतो, म्हणून नाव येणार नव्हतंच. मी लावला. एका हंगामाचे दोन हंगाम झाले. कुणालाच सांगितलं नाही.

चाचांना का नाही सांगितलं, याचं खरं उत्तर मी स्वतःलाही फार उशिरा दिलं. नोकरी जाईल ही भीती होती, पण चाचा चहाडी करणारे नव्हते. खरं हे, की सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून ते थाळी घेऊन वर आले नसते. त्या गावात माझं तरी दुसरं कोण होतं? कचेरीतले लोक सुट्टी लागली की ठाण्याला पळायचे. संध्याकाळी जिन्यावर त्यांची पावलं वाजली की मी दुसरं ताट पुसून ठेवायचो. ते मला घालवायचं नव्हतं. उद्या सांगू म्हणायचो. उद्या मग कुठल्या तरी साहेबाची गोष्ट सांगायचो.

खोडाळ्याकडच्या एका पाड्यावर लहानू म्हणून होता. चाळिशीचा, शांत, बोलताना जमिनीकडे बघणारा. पाड्यावरची सगळी खुरासणी तो एकत्र करायचा आणि जव्हारला आणून विकायचा. ज्याचा त्याचा वाटा घरोघर पोचवायचा. पाड्याचा त्याच्यावर भरवसा. त्या साली त्याने बाजारी वानगी दाखवून माझ्या भागीदाराशी सौदा ठरवला. मग माल जीपमधून आणून संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर उतरवला. वजन सकाळी करायचं ठरलं. रात्री अवकाळी सर आली. सकाळी पोती उघडली तर खुरासणी ओलसर. माझा भागीदार म्हणे, माल ओला आणला. लहानू म्हणे, तुमच्या ओट्यावर भिजला. त्याच दिवशी बाजार होता, दोघं पोती घेऊन तडक चाचांच्या बाकापुढे आले.

मी तिथे होतो. बाजाराच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बाकामागे फळीला टेकून उभा राहायचो. ते माझं नेहमीचं ठिकाण होतं.

चाचांनी गाडी विचारली. मग भांडणाला हात घालण्याआधी ते जे नेहमी विचारायचे, ते भोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "या मालात या दोघांखेरीज आणखी कुणाचं काही आहे का? असेल तर आत्ता बोला. मी उठतो."

दरवेळी या प्रश्नाला कुणी काही बोलत नसे. विचारून ते एका संथ नजरेने सगळ्यांकडे बघायचे, डावीकडून उजवीकडे. मागे मात्र वळायचे नाहीत. मागे मी होतो. माझा भागीदार माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तो आपली नखं बघत होता.

मी बोललो नाही.

"चल," चाचा लहानूला म्हणाले. "शेठचं सांग."

"शेठ सांगतो, आमी घाईत भरला. पाड्यावर उन्हात सुकवला नाय. वरती पाऊस आला तर आमाला आयताच फावला."

"हेच ना?" चाचांनी विचारलं. माझा भागीदार म्हणाला, हेच. मग त्याने लहानूचं सांगितलं, की ओटा माझा, छप्पर गळकं माझं, मीच म्हटलं ठेव सकाळी बघू, आणि आता हात वर करतो. जरा जास्तच चांगलं सांगितलं. लोक "वा शेठ" म्हणाले.

चाचांनी बाह्या वर केल्या आणि एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. डोळे मिटून थोडा वेळ तसेच राहिले. मग दुसऱ्या पोत्यात. मग लहानूला म्हणाले, "तू घाल."

लहानूने हात घातला.

"काय लागतं?"

त्याने हात काढून घेतला.

"पावसाने भिजलेलं पोतं बाहेरून गार असतं," चाचा म्हणाले. "हे आतून तापलंय. ओलं भरलेलं बी असं तापतं. एका रात्रीत नाही तापत. मी चुकत असेन तर सांग. घाल पुन्हा हात."

लहानूने पुन्हा घातला. बराच वेळ ठेवला. मग काढला आणि धोतराला पुसला. "ऊन आहा," म्हणाला. "कुणीतरी न सुकवता दिला. माना ठाव नव्हता."

निकाल दुकानाच्या बाजूने गेला, ओल्या पोत्यांचे पैसे कापायचे ठरले. लहानूने मान्य केला. गाडीला वेळ होता तरी तो लगेच डेपोकडे चालू लागला. कुणाच्या घरची ती पोती, हे त्याला ठाऊक असणार. पाड्यावर जाऊन त्या घराला त्याने बोल लावला, त्यांचा वाटा कमी केला, आणि त्या घराशी त्याचं येणंजाणं तुटलं, हे मला पुढे कळलं.

त्याच दिवशी कचेरी सुटल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो. भागीदार पुढे गिऱ्हाइकात होता. तीच पोती होती. मी हात घातला. गरम होतं. कोवळ्या उन्हात ठेवलेल्या कपड्यासारखं नव्हे, ताप आलेल्या माणसाच्या काखेसारखं. निवाडा बरोबर होता. मला इतकं हायसं वाटलं की संध्याकाळी मी चाचांसाठी मुद्दाम वांग्याचं भरीत केलं. त्यांनी दोनदा घेतलं.

माझ्या भागीदाराचं तोंड फार सैल. पुढे एकदा खोडाळ्याच्या बाजारात दुसऱ्या एका व्यापाऱ्याशी त्याची जुंपली आणि तो बोलून गेला, "माझ्या मागे सरकारी माणसाचा पैसा आहे, समजलास? चाचाच्या माडीवरच राहतो तो." लहानू तिथेच कुठेतरी होता.

पुढच्या बाजारी तो आला. बाकापुढे दुसरीच दोघं बसली होती. तो त्यांचं संपेपर्यंत थांबला. त्यांची गाडी आधीची होती, म्हणून असेल. मग पुढे आला. आवाज चढवला नाही.

"चाचा, तुमी याचे संगती जेवता?" आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

"जेवतो."

"रोज?"

"रोज."

"माल याचापण होता."

चाचा पहिल्यांदा मागे वळले. माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तेवढं पुरेसं होतं. मी काही नाकारलं नाही, काही कबूलही केलं नाही, पण माझा चेहरा त्यांना रोज समोर बसून पाठ झाला होता.

लहानू म्हणाला, "पोत्यात हात घातला तवा तुमी सांगितला, तापला आहा. म्हणून माना ऊन लागला. आता माना समजत नाय का खराच ऊन होता का तुमचे बोलण्यानी ऊन झाला. मी त्या घरावर आळ घेतला, चाचा. माझे घराला लागून घर आहा त्यांचा."

बाकाभोवती माणसं जमली होती. सगळे चाचांकडे बघत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. कारकुनाने पैसा फिरवला यात नवल काय? नवल होतं ते चाचांचं.

"मला ठाऊक नव्हतं", एवढे तीन शब्द चाचांना बोलता आले असते. मी वाट बघत होतो की ते बोलतील. आणि ते बोलणार नाहीत हे दिसल्यावर ते मी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. चाचा मला म्हणाले, "तुमची सुट्टी संपली. कचेरीत जा."

मी गेलो.

हे मला पुन्हा लिहावंसं वाटतं, कारण एकदा लिहून ते जसं झालं तसं उमटत नाही. त्यांनी जा म्हटलं आणि मी खरंच गेलो. चौकातून वळताना मागे त्यांचा आवाज ऐकू आला. ते लहानूला म्हणत होते, "शेठने त्या पोत्यांचं जे काही कापलं असेल ते तू मागू शकतोस. माझा निकाल मोडला असं समज." आणि त्यांनी स्वतः बाक उचलून आत नेला.

त्या संध्याकाळी खाली स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला आणि मी दुसरं ताट पुसून ठेवलं. ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मग मी खाली गेलो. ते भाकरी थापत होते. मला बसा म्हणाले.

"चाचा, मला सांगायचं होतं."

"कधी?"

"रोजच सांगायचं होतं."

त्यांनी भाकरी उलटली. "मग रोज बदल्यांच्या गोष्टी सांगत होतात."

"तुम्ही लहानूला का नाही सांगितलं? की तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

"सांगितलं असतं. मग तो म्हणाला असता, एवढे दिवस समोर बसून जेवलात आणि कळलं नाही? मग माझ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचं मला काय कळत होतं इतकी वर्षं?" भाकरी फुगली. त्यांनी ती उतरवून ठेवली. "आणि लोकांनी ते तुमच्या साहेबापर्यंत नेलं असतं. तुमची पोरं शाळेत आहेत."

मी थांबलो होतो. मला वाटलं, आता म्हणतील, घ्या एक भाकरी. त्यांनी म्हटलं नाही. माझं त्यांनी काही वाईट केलं नाही, एक वावगा शब्द बोलले नाहीत. फक्त वाढलं नाही.

माझं काही बिघडलं नाही. कुणी तक्रार केली नाही. मी पैसे काढून घेतले तेव्हा भागीदार उलट रागावला. चाचांबद्दल मात्र गावाने ठरवून टाकलं होतं. इतकी वर्षं भावाच्या घरचा वाडगा परत करायचे, आणि इकडे माडीवर रोज जेवण. म्हणजे आधीचे निकाल तरी खरे कशावरून? लोकांनी जुनी जुनी भांडणं आठवून काढली. ज्याला त्याला आपण कधी ना कधी हरल्याचं आठवलं. समोर कुणी बोललं नाही. बाजारात भांडणं होत राहिली, माणसं हमरीतुमरीवर येत राहिली, कुणी पोलीस चौकीत जाई, बाकीची गाडीची वेळ झाली की तशीच भांडण अंगावर घेऊन घरी जात.

चाचा आता रस्त्याच्या मधून चालत नसत. कडेने, पडव्यांखालून चालत. निवाडे संपले होते, त्यामुळे आता कुणाकडेही जेवायला त्यांना मोकळीक होती. पण कुणी बोलावलं नाही. ते रागाने नव्हे. बोलवायची सवयच गावाला उरली नव्हती.

मी जव्हार सोडण्याआधीच्या साली त्यांच्या पुतण्याचं लग्न झालं. चार घरं सोडून मांडव पडला, दोन दिवस देगी उतरत होत्या, बिर्याणीचा वास माझ्या खोलीपर्यंत. चाचांनी सकाळी दाढी नीट करून घेतली. इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला, अत्तर लावलं आणि दारात खुर्ची टाकून बसले. मी वरून बघत होतो. वरात त्यांच्यासमोरून गेली. भाऊ पुढे आला, अदबीने वाकून सलाम केला, हात हातात घेतला, दुवा मागितली आणि पुढे गेला. मनात काही ठेवून नव्हे. निवाडेवाल्या भावाला लग्नाला बोलवायचं नसतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. त्याला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं, की अरे, आता चालतं. ते वाट बघतायत.

चार घरं होती. मी जिन्यावरून उतरलो आणि पुन्हा वर आलो. कुठल्या तोंडाने सांगणार होतो? चाचा दिवे लागेपर्यंत त्या खुर्चीत बसले होते. मग खुर्ची आत गेली आणि स्टोव्हचा आवाज आला.

माझी बदली झाली. निघताना मी खाली गेलो, ते नमाजाला गेलेले. थांबता आलं असतं. पुढे दोन-तीन वर्षांनी कचेरीतला एक जुना सहकारी भेटला, त्याने बोलता बोलता सांगितलं की चाचा गेले. मयतीला किती माणसं होती हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी विचारलं नाही. तो आपण होऊन म्हणाला, "माणूस चांगला होता, पण शेवटी त्यांनीही खाल्लंच." मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला आजही सगळ्यांत जास्त त्रास होतो. तेव्हा तर चाचांची सोबतही गमवायची उरली नव्हती.

आता नोकरी संपत आली आहे. मुलं मार्गी लागली आहेत. ज्या भीतींच्या आड मी लपत होतो त्यातली एकही आता जागेवर नाही. त्यामुळे हे लिहिण्यात काही धाडस आहे असं कुणी समजू नये.

चाचांचं आता काही फेडता येणार नाही. लहानू मात्र आहे. थकलाय, पण आहे, असं त्या बाजूच्या एका माणसाने सांगितलं. शेजारच्या घराची त्याने तेव्हाच माफी मागितली म्हणे, आणि चाचांचं नाव निघालं की तो अजून उठून जातो. मला खोडाळ्याला जायचं आहे. त्याच्या दारात उभं राहून त्याला सांगायचं आहे की माझा वाटा आहे हे चाचांना ठाऊक नव्हतं, मी त्यांच्यापासून लपवलं होतं. एवढं माझ्याकडून येणं बाकी आहे. मी अजून गेलेलो नाही.